झोतांचा प्रकाश आणि उपपत्तीची कसोटी : सक्रिय दीर्घिकांच्या झोतांतील दृश्य व क्ष-किरण प्रारणाच्या स्पष्टीकरणांची चिकित्सा

सारांश

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातून निघणारे द्रव्याचे झोत रेडिओ, दृश्य आणि क्ष-किरण अशा तिन्ही पट्ट्यांत प्रारण उत्सर्जित करतात. रेडिओ व दृश्य प्रारणाच्या उगमाविषयी अभ्यासकांत बहुतांशी एकमत आहे. शक्तिशाली क्वासारांच्या झोतांतील क्ष-किरणांविषयी मात्र इ. स. २००० पासून दोन परस्परविरोधी उपपत्ती मांडल्या गेल्या. त्यांपैकी वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाची उपपत्ती दशकभराहून अधिक काळ प्रमाण मानली गेली. प्रस्तुत लेखात या उपपत्तीचा स्वीकार कोणत्या आधारावर झाला, तिला कोणत्या निरीक्षणांनी बाधा आणली आणि तिच्या जागी आलेले पर्यायी स्पष्टीकरण कितपत समाधानकारक आहे, यांची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : सक्रिय दीर्घिका, झोत, सिंक्रोट्रॉन प्रारण, व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णन, ध्रुवीकरण, चंद्रा वेधशाळा.

१. प्रस्तावना

विज्ञानातील एखादी उपपत्ती खोटी ठरली, की ती प्रथम का पटली होती हा प्रश्न सहसा मागे पडतो. पाठ्यपुस्तकांच्या पुढील आवृत्तीत नवे स्पष्टीकरण येते, जुने गाळले जाते आणि विद्यार्थ्यासमोर निष्कर्ष तेवढा उरतो. वस्तुतः निष्कर्षापेक्षा तिथवरचा प्रवास अधिक शिकवणारा असतो. कोणत्या गृहीताला आपण पुरावा समजलो, कोणत्या सोयीला आपण सिद्धता मानली, हे त्या प्रवासातच कळते. सक्रिय दीर्घिकांच्या झोतांतून येणाऱ्या क्ष-किरणांचा इतिहास हे अशा प्रवासाचे अलीकडचे व बोधप्रद उदाहरण आहे. या क्षेत्रातील निरीक्षणे विपुल आहेत, त्यांवरील साहित्यही मोठे आहे. त्या सर्वांचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू नाही. एका विशिष्ट उपपत्तीची बांधणी व पडझड तपासणे एवढाच मर्यादित हेतू आहे.

२. पार्श्वभूमी : एका सरळ किरणापासून सिंक्रोट्रॉनपर्यंत

कन्या राशीतील एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रापासून निघालेली प्रकाशाची एक सरळ रेषा अमेरिकेतील लिक वेधशाळेचे हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये नोंदविली. एम ८७ ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हेदेखील तेव्हा सर्वमान्य झाले नव्हते. त्यामुळे ही नोंद पुढील साडेतीन दशके केवळ एक नवलाई म्हणून राहिली. १९५० च्या दशकात बाडे व मिन्कोव्स्की यांनी कन्या राशीतील प्रबळ रेडिओ स्रोताची एम ८७ शी सांगड घातली. त्याच दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ शक्लोव्हस्की यांनी या झोताचा दृश्य प्रकाश सिंक्रोट्रॉन प्रारणाचा असावा असे सुचविले. प्रकाशवेगाच्या अगदी जवळच्या वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळण घेताना जे प्रारण सोडतात, ते सिंक्रोट्रॉन प्रारण होय. हे प्रारण ध्रुवीकृत असते. बाडे यांना १९५६ मध्ये एम ८७ च्या झोताच्या प्रकाशात ध्रुवीकरण आढळले आणि शक्लोव्हस्कींची सूचना निरीक्षणाने दृढ झाली.

येथे एक पद्धतशास्त्रीय मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी उपपत्ती मांडली गेली, तिच्यातून ध्रुवीकरणाचे भाकीत निघाले आणि मग निरीक्षणाने तिला दुजोरा दिला. भाकीत चुकले असते, तर उपपत्तीही सोडावी लागली असती. पुढे क्ष-किरणांच्या बाबतीत हा क्रम कसा पाळला गेला, हे पाहताना हा मापदंड उपयोगी पडेल.

सिंक्रोट्रॉन स्पष्टीकरणाने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा उभा केला. झोतातील चुंबकीय क्षेत्र एक गौसच्या दहा-हजाराव्या भागाएवढे धरले, तर दृश्य प्रकाश देणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेच्या सुमारे १० लाख पट असावी लागते. असा इलेक्ट्रॉन प्रारण करून सुमारे २,४०० वर्षांत आपली ऊर्जा गमावतो. एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या क्ष-किरणांसाठी ऊर्जा दोन कोटी पटींहून अधिक लागते आणि मग आयुष्य जेमतेम १०० वर्षांवर येते. एम ८७ च्या झोताची आकाशात दिसणारी लांबी सुमारे ५,००० प्रकाशवर्षे आहे. साहजिकच केंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन झोताच्या टोकापर्यंत क्ष-किरण देत पोहोचू शकत नाही. तो वाटेत, जिथल्या तिथे, पुन्हा प्रवेगित व्हायला हवा. झोतातील तेजस्वी गाठी म्हणजे अशा पुनःप्रवेगाची ठिकाणे, असे मानले जाते.

एम ८७ ने या चित्राला भक्कम आधार दिला आहे. केंद्रापासून अवघ्या ०.८५ विकलांवर असलेली ‘एचएसटी-१’ ही गाठ २००० ते २००५ या काळात क्ष-किरणांत सुमारे ५० पट तेजस्वी झाली आणि नंतर मंदावली. दृश्य व अतिनील प्रकाशातही तिने तसाच चढउतार दाखविला. हबल दुर्बिणीच्या प्रतिमांवरून १९९९ मध्ये याच भागात प्रकाशवेगाच्या सहापट भासमान वेग मोजला गेला होता. २०१९ मध्ये चंद्रा वेधशाळेच्या प्रतिमांतून क्ष-किरण गाठीचाही जवळजवळ तेवढाच वेग हाती आला. भासमान वेग प्रकाशवेगाहून अधिक दिसणे हा सापेक्षतेचा भंग नव्हे. झोत आपल्या दिशेने लहान कोनात व अतिवेगाने येत असल्याचा तो भौमितिक परिणाम आहे. सारांश, एम ८७ सारख्या तुलनेने दुर्बल झोतांत रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतचे सर्व प्रारण सिंक्रोट्रॉनचेच, याविषयी आज फारसा मतभेद नाही.

३. एका योगायोगाचा शोध

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाणारी चंद्रा क्ष-किरण वेधशाळा २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात सोडण्यात आली. तिच्या प्रतिमांची विभेदनक्षमता सुमारे अर्धी विकला होती. आधीच्या आइन्स्टाइन वेधशाळेच्या तुलनेत ही मोठी झेप होती. दुर्बिणीचे केंद्रीकरण तपासण्यासाठी ऑगस्ट १९९९ मध्ये पीकेएस ०६३७-७५२ या दूरच्या क्वासाराची निवड झाली. हा क्वासार क्ष-किरणांत बिंदुवत् दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बिंदूच्या बाजूला १० विकलांहून लांब झोत दिसला. ज्या वस्तूवर उपकरणाची परीक्षा घ्यायची, तिनेच अभ्यासकांची परीक्षा घेतली.

या झोताने निर्माण केलेली अडचण दृश्य प्रकाशाच्या मोजमापात दडलेली होती. गाठींचे रेडिओ तेज आणि क्ष-किरण तेज आलेखावर मांडून त्यांना जोडणारी रेषा काढली, तर हबल दुर्बिणीने मोजलेले दृश्य तेज त्या रेषेच्या बरेच खाली पडत होते. इलेक्ट्रॉनांचा एकच समूह रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंत सिंक्रोट्रॉन प्रारण देत असेल, तर वर्णपट वरच्या ऊर्जेकडे सपाट राहील किंवा खाली वळेल, मध्येच खड्डा पडून पुन्हा वर उठणार नाही. म्हणजे क्ष-किरणांचा उगम निराळा मानणे भाग होते. संपूर्ण वादात दृश्य निरीक्षणाचे स्थान असे निर्णायक आहे. रेडिओ आणि क्ष-किरण या दोन टोकांमध्ये ते बिजागरीसारखे आहे, हे अनेकदा विसरले जाते.

४. व्यस्त कॉम्प्टन उपपत्ती आणि तिचे आकर्षण

२००० साली ताव्हेक्किओ व सहकाऱ्यांनी, तर २००१ साली चेलोत्ती, गिसेलिनी व कियाबेर्गे यांनी जवळपास सारखीच उपपत्ती मांडली. विश्व सर्वत्र २.७ केल्व्हिन तापमानाच्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीने भरलेले आहे. झोत समग्रपणे प्रकाशवेगाच्या अगदी जवळच्या वेगाने जात असेल, तर झोतासोबत जाणाऱ्या निरीक्षकाला ही पार्श्वभूमी समोरून येणारी व कितीतरी पट तीव्र भासेल. झोतातील कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तिच्या फोटॉनांना धडकून त्यांना क्ष-किरणांच्या ऊर्जेपर्यंत उचलतील. त्यासाठी इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या शंभर ते काहीशे पट एवढीच पुरेशी होती. कोट्यवधी पटींची गरज उरत नव्हती.

या उपपत्तीचे तीन गुण लगेच नजरेत भरले. पहिला, दृश्य पट्ट्यातील खड्ड्याचे ती सहज स्पष्टीकरण देत होती, कारण रेडिओ व क्ष-किरण या दोन निरनिराळ्या प्रक्रिया ठरत होत्या. दुसरा, चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा व कणांची ऊर्जा जवळपास समान असण्याची अट तिच्यात पाळली जात होती. तिसरा गुण सर्वांत मोहक होता. पार्श्वभूमीची ऊर्जाघनता ताम्रसृतीबरोबर (१ + ता) च्या चौथ्या घाताने वाढते आणि दूरच्या वस्तूची पृष्ठतेजस्विता त्याच प्रमाणात घटते. दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात. म्हणून असे झोत विश्वाच्या दूरच्या टोकापर्यंत दीपस्तंभासारखे दिसत राहतील, अशी आशा निर्माण झाली.

या गुणांची किंमत मात्र जबर होती. लाखो प्रकाशवर्षे दूर गेल्यावरही झोताचा लॉरेन्ट्झ गुणक १० च्या आसपास टिकला पाहिजे आणि झोत आपल्या दृष्टिरेषेशी पाच-सहा अंशांचाच कोन करीत असला पाहिजे, अशी अट आली. पीकेएस ०६३७-७५२ चा झोत आकाशात सुमारे तीन लाख प्रकाशवर्षे लांब दिसतो. तो इतक्या लहान कोनात असेल, तर त्याची खरी लांबी सुमारे ३० लाख प्रकाशवर्षे भरते. आपली आकाशगंगा व देवयानी दीर्घिका यांच्यातील अंतराहून ही लांबी अधिक आहे. शिवाय कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची प्रचंड संख्या व त्यांच्यासोबतचे प्रोटॉन मोजले, तर झोताची शक्ती कृष्णविवराच्या एडिंग्टन मर्यादेच्या बरोबरीला किंवा तिच्याही वर जाते.

५. स्वीकाराची चिकित्सा

एवढी किंमत देऊनही उपपत्ती रूढ का झाली? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची तीन कारणे दिसतात.

एक, समऊर्जेच्या अटीला नियमाचा दर्जा मिळाला. चुंबकीय क्षेत्र आणि कण यांची एकूण ऊर्जा किमान केव्हा असते, याचे गणित जेफ्री बर्बिज यांनी १९५६ मध्ये एम ८७ साठीच मांडले होते. हे गणित ऊर्जेची खालची मर्यादा सांगते. निसर्ग त्या मर्यादेवरच थांबला असेल, असे ते सांगत नाही. सोयीसाठी केलेले गृहीत पुढे उपपत्तीच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरले गेले, हा तर्कातील दोष होता.

दोन, ज्या इलेक्ट्रॉनांवर उपपत्तीचा सगळा भार होता, ते कोणत्याही उपकरणाच्या कक्षेत नव्हते. गौसच्या एक लाखाव्या भागाएवढ्या क्षेत्रात शंभर पट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन अर्ध्या मेगाहर्ट्झहूनही कमी वारंवारतेचे प्रारण करतो. झोताच्या वेगामुळे ती दसपट वाढली, तरी चार-पाच मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाही. एवढ्या कमी वारंवारतेच्या लहरी पृथ्वीच्या आयनांबरामुळे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण कमी वारंवारतेच्या निरीक्षणासाठी जगभर ओळखली जाते, पण तिची खालची मर्यादाही १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. म्हणजे मोजलेल्या रेडिओ वर्णपटाची रेषा कितीतरी खाली वाढवून या इलेक्ट्रॉनांची संख्या काढली जात होती. अदृश्य घटकावर आधारलेली उपपत्ती त्याज्यच असते असे नाही, पण ती निर्विवाद मानण्याचे कारणही नव्हते.

तीन, विसंगत निरीक्षणांना दुय्यम तपशील मानण्यात आले. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फार सावकाश थंड होतात. तेव्हा क्ष-किरण झोत सलग व लांबवर पसरलेला दिसायला हवा होता. प्रत्यक्षात क्ष-किरणांतही ठळक गाठी दिसल्या. ३सी २७३ मध्ये तर केंद्रापासून दूर जाताना क्ष-किरण मंदावतात आणि रेडिओ तेज वाढत जाते. काही झोतांत क्ष-किरणांचे शिखर रेडिओ शिखराच्या आधी, केंद्राकडील बाजूला आढळते. ताम्रसृतीबरोबर क्ष-किरण व रेडिओ यांचे गुणोत्तर झपाट्याने वाढेल हे भाकीतही झोतांच्या नमुन्यांत स्पष्टपणे उतरले नाही. प्रत्येक विसंगतीसाठी स्वतंत्र दुरुस्ती सुचविली गेली. वेगवेगळ्या दुरुस्त्यांची बेरीज उपपत्तीच्या विरोधात जाते, हे म्हणण्यास मात्र वेळ लागला.

६. निर्णायक कसोट्या

या उपपत्तीच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ती खोटी ठरू शकेल अशा रीतीने मांडता येत होती. रेडिओ आणि व्यस्त कॉम्प्टन हे दोन्ही वर्णपट एकाच इलेक्ट्रॉन समूहाचे असल्याने त्यांचा आकार सारखा असतो, फक्त एक वर्णपट दुसऱ्याच्या मानाने सरकलेला असतो. क्ष-किरणांशी जुळवणी केली, की हे सरकणे निश्चित होते आणि गॅमा किरणांचे तेज किती असेल हे मनाप्रमाणे बदलता येत नाही. जॉर्गानोपुलस व सहकाऱ्यांनी ही कसोटी २००६ मध्येच सुचविली होती. जून २००८ मध्ये फर्मी दुर्बीण अवकाशात गेली आणि कसोटी प्रत्यक्षात घेता आली. फर्मीला केंद्र आणि झोत वेगळे दिसत नाहीत. म्हणून केंद्र मंद असतानाच्या काळातील निरीक्षणे निवडून झोताच्या तेजाची वरची मर्यादा ठरविण्यात आली. आयलीन मेयर व जॉर्गानोपुलस यांनी २०१४ मध्ये ३सी २७३ साठी दाखविले, की भाकीत केलेले गॅमा किरण येतच नाहीत. २०१५ मध्ये, ज्या झोतापासून ही चर्चा सुरू झाली त्या पीकेएस ०६३७-७५२ चाही निकाल तोच लागला.

दुसरी कसोटी ध्रुवीकरणाची होती. पार्श्वभूमीच्या फोटॉनांचे असे प्रकीर्णन जवळपास अध्रुवीकृत प्रारण देते. २०१३ मध्ये पीकेएस ११३६-१३५ च्या झोतातील काही गाठींत हबल दुर्बिणीने ३० टक्क्यांहून अधिक ध्रुवीकरण मोजले. मोजलेला प्रकाश वर्णपटाच्या क्ष-किरणांकडे चढणाऱ्या दुसऱ्या घटकाचा होता. त्यामुळे तो घटक सिंक्रोट्रॉनचा असल्याचा निष्कर्ष निघाला. १९५६ मध्ये बाडे यांनी वापरलेली कसोटी सत्तावन्न वर्षांनी पुन्हा कामी आली.

तिसरी कसोटी वेगाची. हबलच्या अनेक वर्षांच्या प्रतिमांची तुलना करून २०१६ मध्ये ३सी २७३ च्या गाठींचा भासमान वेग प्रकाशवेगाहून कमी असल्याचे दाखविण्यात आले. गाठी झोताबरोबर वाहत असतील, तर व्यस्त कॉम्प्टनसाठी लागणारा प्रचंड वेग तेथे नाही. चौथी कसोटी चढउतारांची. पिक्टर ए च्या झोतात काही वर्षांत क्ष-किरणांचे तेज बदलल्याचे २०१० मध्ये नोंदविले गेले. २०२३ मध्ये पन्नासहून अधिक झोतांच्या अभ्यासातून असे बदल अपवादात्मक नाहीत, हे पुढे आले. सावकाश थंड होणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून असे बदल संभवत नाहीत.

७. पर्यायी उपपत्तीचीही चिकित्सा आवश्यक

या निकालानंतर क्ष-किरण हे इलेक्ट्रॉनांच्या दुसऱ्या, अत्युच्च ऊर्जेच्या समूहाचे सिंक्रोट्रॉन प्रारण आहे, हे मत बळावले. त्याला स्वतंत्र आधारही मिळाला. नरतुरंग ए या जवळच्या दीर्घिकेच्या झोताच्या दिशेने पसरलेले टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण ‘हेस’ दुर्बिणींनी टिपल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्रापासून हजारो प्रकाशवर्षे दूरही इलेक्ट्रॉनांना अशी प्रचंड ऊर्जा मिळते, याचा हा थेट पुरावा होय. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या ‘इक्स्पी’ उपग्रहाने मार्केरियन ५०१ या ब्लेझारमध्ये क्ष-किरणांचे सुमारे १० टक्के ध्रुवीकरण मोजले. ते दृश्य प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या जवळपास दुप्पट होते. आघात तरंगापाशी प्रवेगित झालेले इलेक्ट्रॉन पुढे वाहताना थंड होतात, या चित्राशी हे जुळते. अर्थात ही मोजमापे केंद्रालगतच्या झोताची आहेत. लाखो प्रकाशवर्षांवरील गाठींना ती जशीच्या तशी लावता येणार नाहीत.

तथापि जुन्या उपपत्तीला लावलेले निकष नव्या उपपत्तीलाही लावले पाहिजेत. दुसरा समूह कोठून आला? तो पहिल्या समूहापासून वेगळा का राहतो? त्याची ऊर्जा इतक्या वरच्या टप्प्यावरच का सुरू होते? आघात तरंग, झोताच्या मध्यभाग व कडा यांतील वेगफरकामुळे होणारा प्रवेग, इलेक्ट्रॉनांऐवजी प्रोटॉनांचे सिंक्रोट्रॉन प्रारण असे पर्याय मांडले गेले आहेत. त्यांतील कोणताही अद्याप निर्णायक ठरलेला नाही. निरीक्षणातील खड्डा बुजविण्यासाठी एक समूह अधिकचा मानणे हे वर्णन आहे, स्पष्टीकरण नव्हे. व्यस्त कॉम्प्टन उपपत्ती चुकली, पण तिने आपल्या पराभवाची अट स्वतःच लिहून दिली होती. दुसऱ्या समूहाच्या उपपत्तीने तेवढा स्पष्टपणा अजून दाखविलेला नाही.

जुनी उपपत्ती सर्वस्वी बाद झाली असेही म्हणता येत नाही. बी३ ०७२७+४०९ या २.५ ताम्रसृतीच्या क्वासारापाशी २०१६ मध्ये असा क्ष-किरण झोत आढळला, की ज्याला रेडिओ जोड जवळजवळ नाही. त्या काळी पार्श्वभूमीची ऊर्जाघनता आजच्या सुमारे १५० पट होती. तेथे व्यस्त कॉम्प्टन प्रक्रिया प्रबळ असणे अगदी संभवनीय आहे. जवळच्या विश्वात नाकारलेली उपपत्ती दूरच्या विश्वात लागू असू शकते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, शक्तिशाली क्वासारांच्या झोतांतील क्ष-किरणांचे व्यस्त कॉम्प्टन स्पष्टीकरण ज्या झोतांत प्रत्यक्ष तपासले गेले, त्यांपैकी प्रमुख झोतांत ते टिकले नाही. दुसरा, त्याचा दीर्घकाळ झालेला स्वीकार थेट पुराव्यापेक्षा समऊर्जेच्या सोयीवर व गणिताच्या सुबकतेवर अधिक अवलंबून होता. तिसरा, या वादाचा निर्णय केवळ अधिक क्ष-किरण निरीक्षणांनी झालेला नाही. दृश्य पट्ट्यातील तेज, ध्रुवीकरण व वेग आणि गॅमा किरणांचा अभाव यांनी तो केला. चौथा, उत्तर कोणते यावर झोताचा वेग, त्याची खरी लांबी व त्याची शक्ती ठरते. झोत भोवतालच्या वायूला किती ऊर्जा देतात आणि दीर्घिकांच्या वाढीवर त्यांचा काय परिणाम होतो, याचे हिशेब या आकड्यांवर उभे आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या अंतर्गत वादाचा राहत नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने या इतिहासाचे आणखी एक मूल्य आहे. पदव्युत्तर वर्गात सिंक्रोट्रॉन आणि व्यस्त कॉम्प्टन या प्रक्रिया आपण स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवितो, सूत्रे सिद्ध करतो आणि उदाहरणे सोडवून घेतो. दोन्ही सूत्रे बरोबर असतात. निसर्गाने दिलेल्या ठिकाणी त्यांपैकी कोणते लागू पडते, हे सूत्र सांगत नाही. ते ठरविण्यासाठी कोणते मोजमाप करावे लागेल, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवता आला, तर पीकेएस ०६३७-७५२ चा झोत वर्गातही आपले काम करील. कर्टिस यांनी १९१८ मध्ये पाहिलेल्या सरळ रेषेविषयी शंभराहून अधिक वर्षांनंतरही प्रश्न शिल्लक आहेत, ही अध्यापकाला संकोच वाटावा अशी बाब नाही. वर्गात प्रामाणिकपणे सांगावी अशी ती वस्तुस्थिती आहे.